निळ्या अळ्या आणि पांढरी साडी

त्या मे महिन्यात मला कुठेच धड बसवत नव्हतं. सोफ्यावर बसले की खिडकीशी जावंसं वाटायचं, खिडकीशी गेले की पॅसेजमधल्या कपाटाशी. कपाटाचं दार उघडायचं, आत वाकून बघायचं, लावायचं, पुन्हा सोफा. आई भाजी निवडता निवडता चष्म्यावरून बघायची. "काहून गं अशी फिरतेस घरभर? पायाला भिंगरी लागली का?"

तिला काय सांगणार! माझी डिग्री आणि नवऱ्याला दिलेला माझा शब्द, दोन्ही त्या कपाटात, वाळूनं भरलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत झोपले होते.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. मी ॲरिझोनात, टुसॉनला, कीटकशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि माझा विषय होता वाळवंटातलं एक करडं पाखरू. दिसायला इतकं सामान्य, की भिंतीवर बसलं तर रंगाचा पोपडा निघालाय असं वाटावं. पण त्याचं लहानपण भारी. मादी फड्या निवडुंगाच्या काट्याच्या टोकाला एकावर एक अंडी चिकटवत जाते, कॅरमच्या सोंगट्यांची चळत लावावी तशी. त्या चळतीची जी काडी होते ती हुबेहूब दुसरा काटाच. त्यातून निघालेल्या अळ्या सगळ्या मिळून एकाच भोकातून निवडुंगात शिरतात आणि आतल्या गार, बुळबुळीत गरात हिवाळाभर बसून खातात. मोठ्या झाल्या की निळ्या होतात, दौतीतल्या शाईसारख्या निळ्या. मग खाली उतरून पाचोळ्यात पांढरा कोश विणतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्यातून पाखरू निघतं. या पाखराला खाता येईल असं तोंडच नसतं. खायचं ते लहानपणी खाऊन झालेलं. मोजके दिवस हातात, त्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, की संपलं. हे वर्षातून एकदाच. कोशातली माझी पाखरं त्या मे महिन्यात निघाली आणि त्यांनी अंडी घातली, तर माझं काम पुरं होणार होतं. नाही तर थेट पुढचा मे.

आणि पुढचा मे मला परवडणारा नव्हता. माझा नवरा मिशिगनमध्ये ट्रॉयला होता, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. लग्नानंतरचा बहुतेक संसार आम्ही टेलिफोनवरच केला होता, तोही रविवारी, कारण लांबचे कॉल रविवारी स्वस्त पडायचे. मी त्याला सांगितलं होतं, या उन्हाळ्यात पाखरं निघू देत, की मी सामान आवरून आलेच.

"एक दिवस जास्त नाही ना?"

"एक दिवससुद्धा नाही."

त्या भरवशावर त्यानं दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं. दर रविवारी पडद्यांचा रंग विचारायचा. मला पडद्यांचं काही सुचत नव्हतं, मी आपलं काहीतरी ठोकून द्यायची. एकदा पिवळा म्हणाले, एकदा तपकिरी.

आई एप्रिलात आली होती. नागपूरच्या म्युनिसिपालटीच्या शाळेतून नुकतीच रिटायर झालेली, माझे वडील गेल्यापासून एकटी राहणारी. महिना-दोन महिने माझ्याकडे राहायचं, मग जूनअखेर आम्ही दोघींनी मिळून ट्रॉयला जायचं, आणि थोडे दिवस लेक-जावयाचा संसार बघून तिनं तिथूनच भारतात परत, असं ठरलं होतं. इथले लोक तिला उन्हाची भीती घालायचे. ती बाल्कनीत उभी राहून म्हणायची, "एवढंच ऊन?" छतावरचा कूलर बघून तर तिला घरीच आल्यासारखं वाटलं. फक्त त्याला वाळ्याचा वास नाही, एवढी तक्रार.

तिच्या बॅगेत तिखट होतं, सांडगे होते, आणि सगळ्यात खाली जुन्या धोतरात गुंडाळलेली तिची लग्नातली साडी. आमच्याकडे नवरीला पांढरीच साडी. विहारात, पांढऱ्या साडीत, चार माणसांत तिचं लग्न लागलं होतं. ती साडी म्हणजे मलमलच, अंगठीतून जाईल इतकी तलम, हिरेमाणकं नसतील पण तिचा जीव होता तीत. ती अमेरिकेत कशाला आणली, असं विचारल्यावर मलाच वेड्यात काढत म्हणाली, "बंद घरात ठेवून कसर लागू देऊ का?" म्हणजे कसरीच्या भीतीनं साडी सातासमुद्रापार आली, आणि आली ती नेमकी पाखरं पाळणाऱ्या बाईच्या घरी.

आल्या आल्या मी तिला युनिव्हर्सिटीत नेऊन माझ्या अळ्या दाखवल्या होत्या. शेवटच्या काही अजून कोशात जायच्या होत्या. एक फडा चिरून दाखवला. मला वाटलं नाक मुरडेल, कारण वास काही बरा येत नाही. पण ती चष्मा सावरत बराच वेळ बघत राहिली.

"निळ्या आहेत की!"

"हो ना."

"आपल्या झेंड्यासारख्या. मग चांगल्याच असतील."

मला हसू आलं आणि उगाच अभिमानही वाटला, जणू तो रंग मीच दिला होता.

मेच्या सुरुवातीला युनिव्हर्सिटीतल्या आमच्या इमारतीत रंगकाम निघालं. रंगाचा वास माझ्या खोलीपर्यंत यायला लागला तशी मी घाबरले. कोशातल्या जिवाला असला वास सोसत नाही. माझे गाइड म्हणाले, थोडे दिवस घरी ठेव. मी सगळे डबे गाडीत मांडीवर घेतल्यासारखे जपून आणले आणि पॅसेजमधल्या कपाटात ठेवले. अंधार, गारवा, शांतता. माझ्या घरात एवढी शांत जागा तीच होती.

दोन दिवसांत एक घाईचं पाखरू सगळ्यांच्या आधी निघालं आणि कसं कोण जाणे, डब्यातून सुटून बाथरूमच्या भिंतीवर जाऊन बसलं. आईनं हाक मारली.

"ही कसर आहे."

"आई, कसर वेगळी. ह्याला तोंडच नाही खायला."

"तोंड नाही असं कोणी असतं का? माझ्या वर्गात तर एकही नव्हतं."

"खरंच नाही गं. आणि हे बघ, कपाटातले डबे उघडायचे नाहीत. जवळ काही फवारायचं नाही. मुंग्यांचं नाही, झुरळांचं नाही, काही नाही."

"नाही फवारणार. मी काय अडाणी आहे?"

त्यानंतर मला आमच्या ग्रुपबरोबर दक्षिणेला सरहद्दीकडे जावं लागलं, तिकडच्या निवडुंगांची पाहणी करायला. जाताना जीव वरखाली होत होता. तिथंही मी स्वस्थ नव्हते. सगळे कॅम्पवर कॉफी घेत बसायचे आणि मी आपली दगडांमधून येरझाऱ्या घालायची. एक जण म्हणाला, हिला झोपताना बांधून ठेवा.

परत आले ती पाठीवरची सॅक न उतरवता सरळ कपाटाशी. दार उघडलं, आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं वाटलं. फार बरं वाटलं. नागपूरच्या आमच्या घरातलं लोखंडी कपाट उघडल्यावर जो वास यायचा, स्वेटरांचा, ठेवणीतल्या चादरींचा, सणावारांचा, तो वास त्या टुसॉनच्या कपाटातून आला. मी डोळे मिटून एक लांब श्वाससुद्धा घेतला.

मग कळलं, वास कसला आहे. मी तिथेच खाली बसले.

वरच्या फळीवर आईची साडी होती. तिच्या घड्यांत, फळीच्या कोपऱ्यांत आणि खाली माझ्या डब्यांच्या मागे डांबरगोळ्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. नागपुरातून रुमालात गाठ मारून आणलेल्या. तिनं डबे उघडले नव्हते. काही फवारलंही नव्हतं. शब्दाला पक्की होती ती. फक्त घरात साडी आहे आणि घरात पाखरं आहेत, तर कुठलीही शहाणी बाई करेल ते तिनं केलं होतं, आणि वास जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून ठेवलं होतं.

डबे बाथरूममध्ये नेऊन आतून कडी लावली. थोडी पाखरं निघाली होती, पंख न उघडताच वाळूत पडली होती. बाकीची निघालीच नव्हती. मी एकेक कोश चिरून बघत गेले. रंगाच्या वासातून वाचवून आणली आणि डांबरगोळ्यांच्या हवाली केली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी रडले नाही. संताप संताप झाला. नळ सोडून दिला आणि टॉवेल तोंडात कोंबून ओरडले. आईवर राग होता, आणि तो राग तिच्यावर काढता येत नाही याचा त्याहून जास्त.

बाहेर आले तर ती चहाचा कप घेऊन दाराशी उभी.

"काय झालं?"

"मेली."

"सगळी?"

"सगळी. उकाड्यानं. कूलर नीट चालत नसेल."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे. कप माझ्या हातात दिला आणि आत गेली.

रविवारी नवऱ्याला फोनवर तेच सांगितलं, उकाडा.

"मग आता तू येतेस ना? तू कमिट केलं होतंस यार."

"डिग्रीशिवाय?"

"एक वर्ष म्हणजे परत एक वर्षच राहील याची काय गॅरंटी? पुढच्या वर्षी अजून काही होईल. मी इथे एकटा फ्रोझन पराठे खातोय. मलाही कंटाळा येतो गं."

त्याचं काही चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. चुकत असता तर भांडून मोकळी झाले असते. गाइड म्हणाले होते, रानात आत्ताच पाखरं उडतायत, पुन्हा सुरुवात करायची तर ही वेळ आहे, ठरव आणि सांग. राहिले तर शब्द मोडतो. गेले तर एवढ्या वर्षांचं काम पाण्यात. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. मी खोकी आणून पुस्तकं भरायला घेतली. सकाळी भरायची, दुपारी त्यातलंच एखादं पुस्तक लागतंय म्हणून खोकं उपसायची. आईनं ती साडी धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुन्हा धुतलेली, पुन्हा वाळत. मग रोजच. येता-जाता ती पांढरी साडी तोंडावर यायची आणि माझ्या कपाळाची शीर उडायची.

"आई, किती वेळा धुशील? विरून जाईल ती!"

"जाऊ दे," ती म्हणाली. ज्या साडीसाठी एवढं रामायण झालं तिच्याबद्दल हे उत्तर ऐकून मी आणखीच भडकले.

घरात थांबवेना म्हणून मी संध्याकाळी गाडी काढून गावाबाहेर जायला लागले. एकदा आईही गाडीत येऊन बसली. आम्ही निवडुंगांमधून हिंडलो. सवयीनं माझे डोळे काट्यांवरून फिरत होते, आणि एका ठिकाणी काट्याच्या टोकाला बाक आलेला दिसला. अंड्यांची काडी. ताजी. मी चिमट्यानं काढून डबीत ठेवली. मग आणखी एक सापडली, मग आणखी. आई मागून येत होती. बारीक कुसळं बोटांत घुसवून घेतली होती तिनं, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"हे सगळं परत करता येतं का?" तिनं विचारलं.

"वर्ष लागेल."

"किती लागेल ते नाही विचारलं. करता येतं का?"

"येतं."

"मग?"

घरी येऊन चिकटपट्टीनं तिच्या बोटांतली कुसळं काढत बसले. दुसऱ्या दिवशी त्या काड्या युनिव्हर्सिटीतल्या कुंड्यांमधल्या निवडुंगांना लावल्या. आपण जाणार आहोत हे माहीत असून लावल्या. कशासाठी, ते मला स्वतःलाही विचारायचं नव्हतं.

जूनअखेरीची तिकिटं जवळ आली. खोकी अर्धी भरलेली. एके सकाळी आई आपली बॅग बांधून, केस विंचरून खुर्चीत बसलेली. "मी एकटी जाते ट्रॉयला," म्हणाली. "तुझ्या त्या कुंड्यांना पाणी घालायला कोणीतरी पाहिजे. जावईबापूंशी मी बोलते."

"काय बोलणार आहेस?"

"ते माझं आणि त्यांचं आहे."

विमानतळावर तिला इंग्रजी बोर्ड वाचत रांगेत जाताना पाहिलं. वर्गाकडे निघाल्यासारखी, मागे न बघता गेली. मी घरी आले. घर इतकं रिकामं वाटलं की सवयीनं कपाटाशीच गेले.

वरच्या फळीवर साडी नव्हती. डांबरगोळ्या नव्हत्या. तिथे एक पांढरी पिशवी घडी करून ठेवली होती. उलगडली तर उलगडतच गेली, माझ्या हातांपेक्षा लांब. पाखरं कोंडायला आम्ही निवडुंगाच्या कुंडीवर कापडाचा एक लांब झगा चढवतो, वरून गाठ, खालून गाठ. माझे असले दोन झगे फाटून दोरीवर लोंबत होते, ते तिनं पाहिले असणार. साडी कापून, बारीक धावदोरा घालून, तिनं तसाच झगा शिवला होता. दोन्ही टोकांना परकराला असते तशी नाडी. मी तो नाकाला लावला. डांबराचा वास पार गेला होता. नुसत्या उन्हाचा वास होता.

त्या वेळी मी रडले. कपाटाला टेकून, हुंदके देऊन, लहान मुलीसारखी रडले.

रविवारी फोन आला.

"आई आल्या," नवरा म्हणाला. "चहासुद्धा घेईनात. म्हणाल्या, आधी ऐका. तिचं वर्ष मी घालवलं. शब्द तिनं नाही मोडला, मी मोडला. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी समोर बसले आहे."

"तिला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू बाथरूममधून बाहेर आलीस तेव्हा तुझ्या अंगाला गोळ्यांचा वास होता म्हणे. आणि म्हणाल्या, उकाड्यानं पाखरं मरत असती तर नागपुरात एक दिसलं नसतं."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार यार? चहा केला." मग म्हणाला, "राग आहे मला. नाही असं नाही. पण तू राहा. दुसऱ्या बेडरूमसाठी रूममेट बघतो. आणि पडदे कॅन्सल केलेत. तू आल्यावर बघू."

आई मागून काहीतरी सांगत होती. तो हसला. "विचारतायत, कुंड्यांना पाणी घातलं का?"

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. थंडीत अळ्या निवडुंगात, मी लायब्ररीत, तो ट्रॉयच्या बर्फात. भिंगरी काही सुटली नाही. रोज कुंड्यांपाशी जायची, फड्यावर कान ठेवायची, जणू आतलं खाणं ऐकू येणार होतं. मार्चमध्ये एक फडा पिवळा पडून सुजला आणि त्याखाली निळी अळी उतरताना दिसली, तेव्हा कुठे मी पोटभर जेवले.

मेमध्ये पाखरं निघाली. सगळ्यात मोठ्या कुंडीवर आईची साडी चढवली होती. एका सकाळी जाऊन बघते तर बहुतेक माद्यांनी निवडुंगाचे काटे सोडून साडीवरच अंडी घातलेली. तलम कापडावर, शिवणीच्या कडेकडेनं, नाडीपाशी, जागोजागी त्या बाकदार काड्या. पांढऱ्या साडीला काटे फुटले होते.

नागपूरला आईकडे फोन नव्हता. शेजाऱ्यांच्या फोनवर ट्रंक कॉल लावला आणि तिला बोलावणं धाडलं. ती येईपर्यंत मी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी. तिचा आवाज लांबून, धापा टाकत आला. "काय झालं? मेली का?"

"नाही. निघाली सगळी. अंडी घातली त्यांनी. तुझ्या साडीवर घातली, आई, भरून गेली साडी."

"खाल्ली नाही ना?"

"त्यांना तोंड नसतं, आई."

"हो. सांगितलं होतंस." मग ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं लाइन तुटली.

"आई?"

"आहे मी," ती म्हणाली. "धुऊ नकोस आता ती."